डावीकडे काय दिसतंय?

ओव्हाळ साहेबांचा हा प्रश्न मी जवळजवळ दोन वर्षे, सुट्ट्या वगळता रोज सकाळी ऐकला. आरंभी त्याचे मला कौतुक वाटले, पुढे त्याची सवय झाली, आणि शेवटच्या काही महिन्यांत मला त्याची धास्ती वाटू लागली. आजही कुणाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले की माझी मान आपसूक डावीकडे वळते. कुणी विचारलेले नसते, तरी मी मनातल्या मनात उत्तर देत असते: एक हातगाडी, दोन शेळ्या, मोकळे.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी यंत्रांच्या सूचनापुस्तिका मराठीत लिहिण्याचे काम करते, तिथे ओव्हाळ साहेब क्वालिटीत होते. गाड्यांचे सुटे भाग तयार होऊन त्यांच्या टेबलावर येत आणि ते नुसत्या डोळ्यांनी त्यांतले दोष शोधत. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कंपनीत आयुष्यभर भट्टीपुढे उभे राहिलेले. त्या घरातला हा पहिला मुलगा, ज्याला बसून करायचे काम मिळाले. तरीही ते उभे राहूनच तपासणी करत. "बसलं की डोळा बसतो," असे ते म्हणत.

पट्ट्या ही त्यांची दुसरी ओळख. आमच्याकडे तपासलेल्या मालाला रंगीत कागदाची पट्टी दोऱ्याने बांधतात. हिरवी म्हणजे योग्य, लाल म्हणजे बाद, आणि पिवळी म्हणजे होल्ड. अजून काही ठरलेले नाही, पण पुढे जाऊ द्यायचे नाही. या पट्ट्यांचा एक जुडगा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असे, आणि बोलण्यातही त्या डोकावत. कॅन्टीनचा चहा बहुधा पिवळा असे. नवा मॅनेजर पहिले सहा महिने पिवळा होता, मग हिरवा झाला. मला त्यांनी कोणता रंग दिला होता, हे विचारण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

एकदा त्यांनी एक पूर्ण लॉट अडवला. भागांवर केसाएवढा ओरखडा होता. माल न्यायला ट्रक येऊन उभा होता आणि उत्पादनाचे साहेब तणतणत आले. "ओव्हाळ, हा ओरखडा तुमच्याशिवाय कुणाला दिसणार आहे? मी सही करतो, सोडा."

ओव्हाळ साहेबांनी भाग उजेडात धरला. "करा ना सही. पण तुमच्या सहीनं तो पुसला जाईल का, तेवढं सांगा." आणि लाल पट्टी बांधून ते पुढच्या लॉटकडे वळले. नव्याने आलेल्यांना ते एकच गोष्ट शिकवत: "दिसलं तेच लिहायचं. असायला हवं ते लिहायचं नाही." मी शब्दांवर पोट भरणारी बाई, हे वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले होते.

आम्ही दोघेही रहाटणीचे. कंपनीच्या बसची वेळ बदलली आणि माझी अडचण झाली, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "मॅडम, आमच्या गाडीत एक जागा आहे. पण आम्ही हिरव्या रस्त्यानं जातो. पाऊण तास आधी निघावं लागेल, चालेल?"

रहाटणीहून चाकण गाठायला लोक नाशिक रस्ता धरतात: भोसरी, मोशी आणि मग सरळ. ओव्हाळ साहेबांच्या लेखी तो रस्ता लाल होता. ते तळवड्याच्या अंगाने देहूला येत, इंद्रायणीचा पूल ओलांडत आणि येलवाडी, खालुंब्रे करत मागच्या बाजूने चाकणच्या कारखान्यांत शिरत. या वाटेवर अजून उसाची शेते होती, गोठे होते, सकाळच्या धुक्यातून वर येणारा भंडाऱ्याचा डोंगर होता. पुलावरून नदी दिसे. तिच्यावर कधी फेस असे, कधी बगळे.

गाडीतला तिसरा माणूस म्हणजे स्टोअरमधला गव्हाणे. मूळचा लातूरकडचा, वयाने तिशीचा, तोंडाने कधी न थकणारा. मी पहिल्या दिवशी गाडीत पुढे बसले तेव्हाच तो मागून म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा साहेबांना. आपण कंपनीला चाललाव का सहलीला चाललाव? हायवेनं गेलं तर घरी दोन पोळ्या जास्ती खाऊन येतो मी."

"दोन पोळ्या कमी खा," ओव्हाळ साहेब आरशात पाहत म्हणाले. "हायवेवर पुढच्याचे लाल दिवे सोडून काय दिसतं रे? इथं बघ. मॅडम, डावीकडे काय दिसतंय?"

मी गोंधळले. परीक्षेत अचानक नाव पुकारल्यासारखे झाले. "एक... एक बैलगाडी आहे. आणि विहिरीपाशी एक मुलगी."

"किती लांब?"

"बैलगाडी रस्त्याला लागून. मुलगी आत आहे."

"शाब्बास," ते म्हणाले आणि गाडी किंचित उजवीकडे घेतली. "बघायला येतं तुम्हाला. उद्यापासून पुढंच बसायचं."

पुढची सीट पूर्वी गव्हाणेची होती. तो मोबाईल पाहत बसतो म्हणून त्याला मागे धाडले होते, हे मला नंतर समजले. मी मात्र सुखावले. इतकी वर्षे शब्दांत वावरूनही मी काही नीट पाहिले आहे असे मला कुणी म्हटले नव्हते. मग रोजचा तो खेळच झाला. डावीकडे काय दिसतंय? ज्वारी, साहेब. कडेला कोणी? एक आजोबा, छत्री घेऊन, आपल्याच दिशेने चाललेत. पलीकडे? शाळेची पोरे, अजून लांब आहेत. खालुंब्र्याच्या पुढे एका वळणावर जुनी चिंच होती. तिच्या आडून एक पायवाट रस्त्याला येऊन मिळत असे. तिथे ते हमखास विचारत, "चिंच आली का?" मी "आली" म्हटले की दोनदा हॉर्न वाजवत. चिंचेला नमस्कार करण्याची ही त्यांची रीत असावी, असा माझा समज होता.

आता लिहिताना वाटते, मला सगळे दिसत होते आणि काहीच दिसत नव्हते. गाडीच्या डाव्या आरशावर त्यांनी आणखी एक लहान गोल आरसा चिकटवलेला होता. ते कुणाशी बोलताना नुसती नजर वळवत नसत, खांद्यासकट सगळे वळत. कंपनीत दरवर्षी डोळ्यांची तपासणी होई. तीत ते तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळ धडाधड वाचून येत, आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. पण चहाचा कप कुणी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, तर बहुतेक वेळा तो सांडत असे.

मग येलवाडीचा रस्ता एका दिवसासाठी बंद झाला. नळ टाकायला आडवा चर खणला होता आणि पुढे दगड मांडले होते. ओव्हाळ साहेब गाडी थांबवून त्या दगडांकडे इतका वेळ पाहत राहिले की गव्हाणेला हसू आवरेना. "चला साहेब, आज लाल रस्ता. देवानंच ऐकलं माझं."

"सुट्टी टाकू का आज?" ते पुटपुटले. मला ते विनोदाने म्हटल्यासारखे वाटले. मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आम्ही मागे फिरलो आणि मोशीच्या अलीकडे नाशिक रस्त्याला लागलो. त्या सकाळचे मला आवाजच अधिक आठवतात: ट्रेलरच्या ब्रेकचा फुस्कारा, हॉर्न, आमच्या खिडकीच्या काचेची थरथर. दोन्ही बाजूंनी कंटेनर चालले होते. त्यांची चाके माझ्या खांद्याच्या उंचीवर फिरत होती. ओव्हाळ साहेबांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले होते आणि त्यांच्या शर्टाची पाठ सीटला चिकटली होती. ते सारखे विचारत होते, "डावीकडे काय दिसतंय?"

"इथे काय दिसणार, साहेब? गाड्या."

"कुठली गाडी? किती लांब? मॅडम, सांगा की."

त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. त्यात खेळ नव्हता. आणि तेवढ्यात, आमच्या डाव्या बाजूने, जिथून कुणी पुढे जाऊ नये आणि सगळेच जातात तिथून, एक कंटेनर आला. तो माझ्या खिडकीत मावत नव्हता. ओव्हाळ साहेबांनी त्याच क्षणी डावीकडे दिवा दाखवला आणि गाडी वळवायला घेतली, अगदी शांतपणे, रिकाम्या रस्त्यावर वळवावी तशी.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. गव्हाणे सांगतो की मी नुसते "नाही, नाही" म्हणत होते. गाडीला हिसका बसला. कंटेनरची शेपटी आमच्या पुढून निघून गेली, आणि जाता जाता त्याने आमचा डावा आरसा त्यावरच्या लहान आरशासकट उचलून नेला.

"दिसला नाय काय साहेब तुमाला?" गव्हाणे मागून म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा पार गळून गेली होती.

"लई जोरात होता," ओव्हाळ साहेब म्हणाले. पण कंटेनर जोरात नव्हता. तो आमच्या बरोबरीने, रांगत चालला होता. मी त्याच्या दारावरची अक्षरे वाचली होती.

त्या दिवशी कंपनीच्या आवारात उतरल्यावर माझा डबा गाडीतच राहिला. मी परत गेले. ओव्हाळ साहेब मान मागे टाकून बसले होते आणि डोळ्यांत औषध घालत होते. हातात पिवळ्या टोपणाची लहान बाटली होती. मला पाहून त्यांनी ती मुठीत मिटली.

"धूळ हो, मॅडम. चाकणची धूळ."

"हो ना," मी म्हणाले आणि डबा घेऊन निघाले. ती बाटली मी ओळखली होती. माझ्या आईच्या उशाशी ती कित्येक वर्षे होती. आईला काचबिंदू होता. हा आजार समोरचे सोडून देतो आणि नजरेच्या कडा कुरतडत आत येतो. आई वर्तमानपत्रातली बारीक अक्षरे वाचायची, आणि ताटाच्या डाव्या अंगाला वाढलेली चटणी तिला सापडायची नाही.

म्हणजे त्या शेवटच्या ओळीच्या टाळ्या खऱ्या होत्या. टेबलावर समोर धरलेल्या भागावरचा केसाएवढा ओरखडाही त्यांना खरोखरच दिसत होता. दिसत नव्हती ती डावी बाजू. ती इतके दिवस मी त्यांच्यासाठी पाहत होते. नदी, डोंगर, ज्वारी हे सगळे त्यांना आवडत असेलही. पण त्या वाटेवर डावीकडून कंटेनर येत नाही, हे त्या रस्त्याचे खरे सौंदर्य होते.

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी हे बोलायला हवे होते. बोलले नाही. मी पुन्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझ्यासारख्या माणसाची भीती चमत्कारिक असते: मला मरणाची भीती वाटत होतीच, पण एका सज्जन माणसाला त्याच्या तोंडावर "तुम्हाला दिसत नाही" म्हणण्याची त्याहून अधिक वाटत होती. गाडी गेली तर त्यांचे काय उरेल, क्वालिटीतले टेबल उरेल का, घरी कुणाला ठाऊक असेल का, असे मी रात्रंदिवस घोळवत राहिले. मी स्वतःची समजूत घातली की त्यांचे समोरचे डोळे आणि माझे डावीकडचे, असा मिळून एक पुरा चालक होतो. आणि रोज सकाळी ते विचारण्याआधीच मी सांगू लागले. मोकळे, साहेब. एक सायकल, साहेब. मोकळे, मोकळे. त्यांनी एकदा माझ्याकडे वळून पाहिले, खांद्यासकट. आपले गुपित मला कळले आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले असावे. मग आम्ही दोघेही घाबरत एकत्र जाऊ लागलो, आणि मागे गव्हाणे गाणी गुणगुणत असे.

अखेर मी ठरवले. सांगायचेच. कसे सांगायचे, एवढाच प्रश्न उरला. मी आठवडाभर वाक्य जुळवत होते. त्यात आदर हवा, आरोप नको. "दिसत नाही" हे शब्द शक्यतो शेवटी यावेत. त्या सकाळी येलवाडी मागे पडली तेव्हा मी त्या वाक्याचा पहिला भाग बदलून दुसऱ्या जागी नेत होते. ओव्हाळ साहेबांनी विचारले, "डावीकडे काय दिसतंय?" मी ऐकले. उत्तर द्यायचे राहिले. उत्तर नाही म्हणजे रस्ता मोकळा, असे त्यांनी धरले.

डावीकडच्या बांधावरून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई रस्त्यावर आली.

धप्प असा आवाज झाला आणि समोरची काच हिरवी झाली. गाडी थांबली. मग बोनेटच्या पलीकडून आवाज आला, आणि तो शिव्यांचा आवाज ऐकून मला रडू फुटले, कारण तो जिवंत माणसाचा होता.

"डोळं फुटलं व्हय रं तुजं? एवढी धडधाकट बाई चालली हाय, दिसंना व्हय तुला? गाडीत बसलं की मानूस मानूस ऱ्हात न्हाई!"

गाडी तिच्या भाऱ्याला लागली होती. ती स्वतः वेळीच मागे कोलमडली होती. कोपर सोलवटले होते, बाकी काही नव्हते. गव्हाणे उडी मारून उतरला आणि नेहमीसारखा वाद घालायला लागला, "ओ मावशी, तुमी बगून यायचं ना..."

"गव्हाणे, गप," ओव्हाळ साहेब म्हणाले. ते उतरले. रस्त्यावर उकिडवे बसून त्यांनी विखुरलेले गवत काडी-काडी गोळा केले. डाव्या बाजूची पेंढी तशीच राहत होती. ती मी उचलून त्यांच्या हातात दिली. भारा बांधून झाल्यावर त्यांनी त्या बाईपुढे हात जोडले. "बरोबर बोललीस, बाई. फुटलेत."

ती वरमली. "आसं नगा म्हनू दादा. तोंडातनं आलं माज्या."

गाडीपाशी आल्यावर त्यांनी मला विचारले, अगदी हलक्या आवाजात, "मॅडम, ती तुम्हाला दिसली होती का?"

माझे आठवडाभर जुळवलेले वाक्य कुठल्या कुठे गेले. "नाही, साहेब. मी बघत नव्हते. आणि तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

त्यांनी मान हलवली. जणू एखाद्या लॉटवरचा शेरा मी बरोबर लिहिला होता. मग खिशातून पट्ट्यांचा जुडगा काढला, त्यातली पिवळी वेगळी केली आणि तिचा दोरा गाडीच्या किल्लीला बांधला. गाठ दोनदा सुटली. किल्ली त्यांनी गव्हाणेच्या हातात दिली. "होल्ड," ते म्हणाले. "आता तू चालव."

गव्हाणे एकदा किल्लीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिला. "साहेब, आवो पन... लाल रस्त्यानं घेऊ का हिरव्या?"

"समोर बघ अन् चल."

त्याच आठवड्यात ते आपणहून कंपनीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना नोंदींच्या कामावर बसवले, आणि वर्षभराने त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. गव्हाणेने पुढे दुचाकी घेतली आणि हायवेने जाऊ लागला. मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. शिकवणारा गृहस्थ म्हणे, "मावशी, तुम्ही आरशात कमी अन् डावीकडं जास्ती बघता."

यंदा दिवाळीच्या आधी ओव्हाळ साहेबांचा फोन आला. कंपनीत एका कागदावर सही करायची होती. "सोडाल का मॅडम? वाट तुम्ही म्हणाल ती."

ते माझ्या शेजारी, डाव्या सीटवर बसले. उजव्या डोळ्याचीही कड आता गेली होती. त्यांना गाडी चालवून दाखवायची होती, म्हणून सुरुवातीला मी गरजेपेक्षा हळू चालवत होते. पूल आला तेव्हा ते म्हणाले, "नदीला वास आहे, म्हणजे फेस असणार." फेस होता. मग येलवाडी गेली, खालुंब्रे गेले, आणि त्यांनी मान न वळवता विचारले, "चिंच आली का?"

चिंच नव्हती. उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना ती तोडली होती. जागेवर खडीचा ढीग होता. "आली" म्हणणे किती सोपे होते. त्यांनी नुसती मान डोलावली असती आणि सुखाने बसून राहिले असते.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "चिंच तोडली. तिथे खडी टाकली आहे."

ते जरा चिडूनच म्हणाले, "मग हॉर्न वाजवा ना! पायवाट तर येतेच की नाही तिथं?"

मी दोनदा हॉर्न वाजवला. खडीच्या ढिगाआडून एक दुचाकी येत होती. ती कडेला थबकली.

"डावीकडे काय दिसतंय?" त्यांनी विचारले.

डावीकडे आधी साहेबच दिसत होते: दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, नजर समोरच्या रस्त्यावर रोखलेली, आणि खिशात अजूनही रंगीत पट्ट्यांचा तो जुडगा.

"दुचाकीवाला, साहेब," मी म्हणाले. "थांबलाय."